न उघडणारे पान : दोष शोधावा कसा?

परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, प्रवेशाची यादी, निकाल, नोकरीची जाहिरात ह्यांतील बहुतेक गोष्टी आज विद्यार्थ्याला ब्राउझरच्या खिडकीतूनच गाठाव्या लागतात. ब्राउझर म्हणजे चाळणारा. काही जण त्याला 'न्याहाळक' असा प्रतिशब्द वापरतात. ही खिडकी उघडी असते तोवर तिचे अस्तित्वही जाणवत नाही. ती मिटली, आणि नेमकी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मिटली, म्हणजे मात्र तिच्यावाचून आपले किती अडते हे कळून येते.

अशा वेळी आपल्याकडून सामान्यतः दोन निर्णय दिले जातात. 'नेट गेले' हा एक व 'साइट बंद आहे' हा दुसरा. दोन्ही निर्णय पुराव्यावाचून दिलेले असतात. पहिला चुकला तर आपण राउटरशी झटापट करीत बसतो व अर्जाची वेळ टळते. दुसरा चुकला तर 'साइटच बंद होती' अशी तक्रार घेऊन आपण कार्यालयात जातो. पण त्याच वेळी इतरांचे अर्ज दाखल झालेले असतात आणि मग आपल्या तक्रारीला काही अर्थ उरत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. पान उघडत नाही किंवा ब्राउझर अद्ययावत होत नाही, ह्या तक्रारीचे मूळ शोधण्याची रीत त्यात सांगावयाची आहे. ह्या रीतीसाठी विज्ञान शाखेत जाण्याची गरज नाही. तिच्यातील मुख्य हत्यार आपल्याला तर्कशास्त्राच्या तासाला शिकवलेलेच असते.

१. पानाचा प्रवास

पान उघडणे ही एक क्रिया नसून क्रियांची साखळी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथालयाचा दृष्टान्त घेऊ. पुस्तक हवे असेल तर आधी ग्रंथालयापर्यंत पोहोचावे लागते. मग कार्डांच्या पेटीत पुस्तकाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधावा लागतो. तो क्रमांक घेऊन खिडकीशी उभे राहावे लागते. खिडकीपलीकडचा मनुष्य खरोखर ग्रंथालयाचाच आहे अशी खात्री असावी लागते. मग तो 'हे घ्या', 'असे पुस्तक नाही' किंवा 'आज कपाट उघडत नाही' ह्यांपैकी एक उत्तर देतो. आणि पुस्तक हाती आले तरी ते वाचण्यासाठी डोळ्यांवर योग्य क्रमांकाचा चष्मा लागतो.

ब्राउझरचेही असेच सहा टप्पे आहेत. पहिला टप्पा जोडणीचा : यंत्र, वायफाय, राउटर आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीची तार. दुसरा नावावरून क्रमांक शोधण्याचा. संगणक एकमेकांना नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखतात. नाव व क्रमांक ह्यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात, आणि तिची योजना पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली मांडली. तिसरा टप्पा त्या क्रमांकाच्या सर्व्हरशी संधान बांधण्याचा. चौथा ओळख पटविण्याचा : सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो व ब्राउझर ते तपासतो. पाचव्या टप्प्यात सर्व्हर उत्तर देतो. सहाव्यात ब्राउझर आलेला मजकूर, चित्रे व सूचना जुळवून पान पडद्यावर मांडतो.

ह्यांतील एक दुवा निखळला तरी आपल्याला दिसणारा परिणाम एकच : पान उघडले नाही. वैद्याला ताप दिसतो तसा आपल्याला कोरा पडदा दिसतो. परंतु ताप हा रोग नव्हे. दुवा कोणता निखळला हे शोधणे म्हणजेच निदान.

२. पडद्यावरचा संदेश वाचावा

निदानाचे निम्मे काम ब्राउझर स्वतःच करून ठेवीत असतो. आपण मात्र त्याचे म्हणणे न वाचताच खिडकी बंद करतो. इंग्रजीतील त्या ओळी रुक्ष असतात हे खरे, पण त्या निरर्थक नसतात.

क्रोममध्ये लहानसा डायनासोर दिसला व 'नो इंटरनेट' असे शब्द आले, तर साखळी पहिल्याच टप्प्यावर तुटली आहे. २०१४ पासून असलेला हा डायनासोर पुष्कळांना खेळ म्हणूनच ठाऊक आहे. वस्तुतः तो एक निदान आहे. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नाही, असे तो सांगतो. अशा वेळी पानाच्या पत्त्याशी खटपट करण्यात अर्थ नाही. वायफाय, तार, राउटर, मोबाइलचा डेटा, चुकून चालू राहिलेला 'एअरप्लेन मोड' हे पाहावे.

'डीएनएस' ही अक्षरे किंवा 'सर्व्हरचा पत्ता सापडला नाही' अशा अर्थाचे वाक्य दिसले तर दोष दुसऱ्या टप्प्यावर आहे. येथे सर्वांत आधी आपण टंकलेला पत्ता अक्षरशः वाचावा. एखादे अक्षर गळले असेल तर कार्डांच्या पेटीत ते नाव सापडणार कसे? पत्ता बरोबर असूनही हाच संदेश येत असेल आणि इतर स्थळेही उघडत नसतील, तर राउटर बंद करून थोड्या वेळाने सुरू करावा. तेवढ्याने न भागल्यास यंत्राच्या जाळेविषयक मांडणीत डीएनएस म्हणून दुसऱ्या सार्वजनिक सेवेचा क्रमांक देता येतो.

'टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली पण उत्तर आले नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे दारापर्यंत पोहोचलो पण दार उघडण्यास नकार मिळाला. ह्या दोन्ही वेळी दोष तिसऱ्या टप्प्यावर असतो. सर्व्हरवर ताण असेल, तो बंद असेल किंवा मध्ये एखादी अडवणूक असेल. 'प्रॉक्सी' हा शब्द दिसला तर मात्र कारण बहुधा आपल्याच यंत्रात असते. काही संस्थांत सर्व संगणकांची वाहतूक एका मध्यस्थ संगणकातून नेली जाते. त्यालाच प्रॉक्सी म्हणतात. तेथे जोडलेला लॅपटॉप घरी आणला की तो घरीही त्याच मध्यस्थाला शोधू लागतो, आणि मध्यस्थ घरी नसल्यामुळे एकही पान उघडत नाही. मांडणीतील ती नोंद काढली की काम होते.

'तुमची जोडणी खासगी नाही' अशा अर्थाचा इशारा चौथ्या टप्प्याचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पाचव्या टप्प्यावरील उत्तरे तीन अंकी क्रमांकांत येतात, व त्यांतील पहिला अंक महत्त्वाचा. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सर्व्हरला आपल्या मागणीत खोट दिसते. ४०४ म्हणजे असे पान येथे नाही. ४०३ म्हणजे पान आहे, पण तुम्हांस पाहण्याची मुभा नाही. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मागणी ठीक होती पण सर्व्हरच्या घरातच बिघाड आहे. ५०३ दिसल्यावर आपला संगणक पुनःपुन्हा बंद-चालू करणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरची वीज गेली म्हणून आपल्या घरचा दिवा बदलणे होय. येथे थोडे थांबणे हाच उपाय. किंबहुना ४०४ आले तर आनंदच मानावा. कारण पहिले चारही टप्पे सुरळीत पार पडल्याचा तो दाखला आहे.

३. अन्वय आणि व्यतिरेक

संदेश संदिग्ध असेल, किंवा पडदा नुसताच कोरा राहिला असेल, तर काय करावे? येथे तर्कशास्त्र आपल्या मदतीला येते.

जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. आणि जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे सरोवरात. न्यायशास्त्रातील हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. जॉन स्ट्युअर्ट मिल ह्यांनी १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांतील दोन आपण मराठीत ह्याच नावांनी शिकतो. व्यतिरेक पद्धतीचे सार असे की, दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असून एकाच बाबतीत भिन्न असतील, आणि परिणाम एकात दिसून दुसऱ्यात दिसत नसेल, तर ती भिन्न बाब कारणाशी निगडित असली पाहिजे.

ब्राउझरच्या बाबतीत ही पद्धत चार प्रश्नांत बसविता येते.

पहिला प्रश्न : यंत्र, जाळे व ब्राउझर तेच ठेवून दुसरे स्थळ उघडते काय? उघडत असेल तर आपली जोडणी शाबूत आहे आणि संशय त्या एका स्थळावर जातो. येथे एक सावधगिरी हवी. दुसरे स्थळ असे निवडावे की जे आपण अलीकडे उघडलेले नाही. कारण आधी पाहिलेल्या पानाचे काही भाग ब्राउझरने साठवून ठेवलेले असतात आणि जोडणी नसतानाही ते दिसू शकतात.

दुसरा प्रश्न : यंत्र व ब्राउझर तेच ठेवून जाळे बदलले तर? म्हणजे वायफाय सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट घ्यावा. पान उघडले तर दोष वायफाय, राउटर किंवा सेवा पुरविणाऱ्याकडे आहे. महाविद्यालयाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायवर आधी एक लॉगिनचे पान भरावे लागते. ते पुढे आलेच नाही तर बाकी काहीच उघडत नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडले की ते पान बहुधा समोर येते.

तिसरा प्रश्न : जाळे तेच ठेवून यंत्र बदलले तर? शेजारच्या मित्राच्या संगणकावर तेच पान त्याच वायफायवर उघडत असेल, तर दोष आपल्या यंत्रात आहे.

चौथा प्रश्न : यंत्र व जाळे दोन्ही तीच ठेवून ब्राउझर बदलला तर? क्रोममध्ये अडलेले पान फायरफॉक्समध्ये उघडले, तर शोध एका खोलीपुरता मर्यादित झाला.

ह्या शेवटच्या खोलीतही हीच पद्धत चालते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी; क्रोममध्ये तिला 'इनकॉग्निटो' म्हणतात. ह्या खिडकीत आधीच्या भेटींच्या खुणा नसतात आणि जोडून घेतलेली एक्स्टेन्शने, म्हणजे पूरक उपकरणे, मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर बंद असतात. येथे पान उघडले तर दोन आरोपी उरले : साठवलेली जुनी सामग्री आणि एक्स्टेन्शने. पहिल्याची परीक्षा सोपी आहे. नेहमीच्या खिडकीत कंट्रोल, शिफ्ट आणि आर ह्या कळा एकत्र दाबाव्यात. म्हणजे ब्राउझर साठा बाजूला ठेवून पान नव्याने मागवितो. तरीही अडले तर त्या एका स्थळाची साठवण व कुकीज पुसाव्यात. दुसऱ्याची परीक्षा म्हणजे सर्व एक्स्टेन्शने बंद करून एकेक सुरू करणे. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शने कधीकधी अर्जाचे 'सादर करा' हे बटणही जाहिरातच समजून गिळतात.

ह्या सर्व प्रयत्नांत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईघाईने राउटर बंद केला, साठवण पुसली, एक्स्टेन्शने काढली व संगणकही पुन्हा सुरू केला, आणि पान उघडले. तरी नेमके कशाने उघडले हे कळत नाही. पुढच्या वेळी तोच दोष आला की आपण पुन्हा अंधारात.

४. घड्याळ आणि प्रमाणपत्र

आता चौथ्या टप्प्याकडे वळू. सर्व्हर दाखवितो त्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात : कधीपासून ग्राह्य व कधीपर्यंत ग्राह्य. ब्राउझर ह्या तारखा आपल्या यंत्राच्या घड्याळाशी ताडून पाहतो. ह्याचा अर्थ असा की, प्रमाणपत्र निर्दोष असूनही आपले घड्याळ चुकीचे असेल तर ब्राउझर ते नाकारतो.

संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा एक सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ त्यावर चालते. जुन्या यंत्रांतील हा सेल संपला की दर वेळी संगणक सुरू करताना तारीख काही वर्षे मागे जाते. समजा, प्रयोगशाळेतील वीस संगणकांपैकी एकावरच प्रत्येक सुरक्षित स्थळासाठी इशारा येत आहे. जाळे सर्वांचे एक, स्थळे तीच, ब्राउझरही तोच. व्यतिरेक शोधू लागलो की नजर पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेवर जाते. तारीख सुधारली की पाने उघडतात. सेल बदलला की रोग कायमचा जातो. ब्राउझर काढून पुन्हा बसविल्याने मात्र येथे काडीचाही फरक पडत नाही.

घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल तर? मग तीन शक्यता राहतात. त्या स्थळाच्या चालकांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले नसेल. मधला कोणी तोतया आपल्याला फसवू पाहत असेल. किंवा आपला ब्राउझर वा यंत्रप्रणाली इतकी जुनी असेल की नव्या प्रमाणपत्रावरची सही तिला ओळखता येत नसेल. वापरणाऱ्याला ह्यांतील पहिली व दुसरी शक्यता सहजासहजी वेगळी करता येत नाही. म्हणून इशारा डावलून 'तरीही पुढे जा' हे बटण दाबण्याची सवय घातक आहे. जेथे पासवर्ड, बँकेचा तपशील किंवा आधार क्रमांक द्यावयाचा असतो, तेथे तर ते बटण नाहीच असे समजावे.

तिसऱ्या शक्यतेचे ठळक उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ रोजी घडले. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावरील व्यवस्था असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देते. तिची प्रमाणपत्रे ज्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर जुन्या यंत्रांत ग्राह्य धरली जात, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नव्या यंत्रांच्या यादीत लेट्स एन्क्रिप्टचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र होतेच. त्यांना काही जाणवले नाही. परंतु वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या अनेक यंत्रांवर आदल्या दिवसापर्यंत उघडणारी स्थळे एकाएकी अडली. कोणी काही मोडले नव्हते, कोणी काही बदलले नव्हते. केवळ एक दिवस उलटला होता. काल चालत होते म्हणून आज चालेल, हा युक्तिवाद ब्राउझरच्या जगात टिकत नाही.

५. अद्ययावत न होणारा ब्राउझर

येथे आपण दुसऱ्या तक्रारीपाशी येऊन पोहोचतो. पान न उघडणे व ब्राउझर अद्ययावत न होणे ह्या वरवर दोन तक्रारी दिसतात. प्रत्यक्षात दुसरी पुष्कळदा पहिलीचे मूळ असते. पाने लिहिण्याची भाषा बदलत राहते, सुरक्षिततेचे नियम बदलत राहतात आणि मूळ प्रमाणपत्रांची यादी बदलत राहते. २०२० साली प्रमुख ब्राउझरांनी सुरक्षित जोडणीच्या टीएलएस १.० व १.१ ह्या जुन्या रीती सोडण्यास आरंभ केला. बोलणाऱ्याने भाषा बदलली आणि ऐकणारा जुन्याच भाषेत अडकला, तर संवाद कसा व्हावा?

फायरफॉक्समधील एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ रोजी कालबाह्य होणार होते. १२८ व्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर या, दीर्घकालीन आवृत्ती वापरत असाल तर निदान ११५.१३ वर या, नाहीतर एक्स्टेन्शने व इतर काही सोयी बंद पडू शकतील, असे मोझिला संस्थेने आधीच कळविले होते. अद्ययावत करणे ही हौस नसून प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासारखी गरज आहे, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ब्राउझरमधील एखादे छिद्र बुजविणारी आवृत्ती प्रसिद्ध झाली की, छिद्र कोठे होते हेही जाणकारांना कळते. त्यांत चोरही असतात. म्हणजे ज्याने आवृत्ती घेतली नाही त्याच्या घराचे कुलूप कसे उघडते हे जाहीर झाल्यासारखेच होते.

मग ब्राउझर अद्ययावत का होत नाही? सर्वांत सामान्य कारण अगदी साधे आहे. क्रोम व फायरफॉक्स नवी आवृत्ती मागच्या मागे उतरवून ठेवतात, पण ती लागू होते ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच. पंचवीस टॅब महिनाभर उघडे ठेवणाऱ्याच्या यंत्रावर नवी आवृत्ती दाराशी तिष्ठत उभी असते. मदतीच्या मेनूतील 'क्रोमविषयी' किंवा 'फायरफॉक्सविषयी' हे पान उघडले की तपासणी आपोआप सुरू होते आणि आवृत्तीचा क्रमांकही कळतो.

तेथे तपासणी अयशस्वी झाली तर क्रमाने पाहावे. घड्याळ बरोबर आहे काय? कारण नवी आवृत्तीही सुरक्षित जोडणीवरूनच येते. डिस्कवर जागा शिल्लक आहे काय? प्रॉक्सी किंवा विषाणूरोधक प्रणाली अडवीत तर नाही? यंत्र संस्थेचे असेल तर आवृत्ती बदलण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे काय? प्रयोगशाळेच्या संगणकावर हा अधिकार बहुधा तेथील तंत्रज्ञाकडे असतो. तेथे खटपट न करता त्यांना सांगणे हेच योग्य.

कधीकधी ह्यांपैकी काहीच नसते, आणि तरी ब्राउझर 'मी अद्ययावत आहे' असे म्हणतो किंवा 'यापुढे आवृत्ती मिळणार नाही' असे सांगतो. तेव्हा दोष ब्राउझरचा नसून त्याखालच्या प्रणालीचा असतो. विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या प्रणालीवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी. ती जानेवारी २०२३ मधली. फायरफॉक्सने अशा यंत्रांसाठी ११५ ही दीर्घकालीन मालिका राखून ठेवली, पण त्यापुढची पायरी नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळांनी ह्या तारखांची दखल घ्यावयास हवी. यंत्र धडधाकट असेल तर ते मोडीत काढण्याचे कारण नाही; त्यावर लिनक्सची एखादी हलकी, मोफत प्रणाली बसविली तर त्याला नव्या आवृत्तीचा ब्राउझर पुन्हा मिळू शकतो.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा' असे एखाद्या पानाच्या आतून सांगितले गेले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. अशा बटणामागे घातक प्रणाली दडविण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. खरी आवृत्ती ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून, कंपनीच्या अधिकृत स्थळावरून, किंवा मोबाइलवर प्ले स्टोअर अथवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावी.

६. दोष आपला नसतो तेव्हा

इतके सगळे वाचून, पान उघडले नाही की चूक आपलीच असते, असा ग्रह होऊ नये. १३ जानेवारी २०२२ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी पावणेदोनच्या सुमारास, जगभर अनेकांचे फायरफॉक्स एकाएकी पाने उघडेनासे झाले. मोझिलाने नंतर ह्या घटनेचा सविस्तर खुलासा प्रसिद्ध केला, तो विद्यार्थ्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे.

फायरफॉक्स आपल्या वापराची काही तांत्रिक माहिती मोझिलाच्या सर्व्हरकडे पाठवीत असतो. ह्या सर्व्हरांपुढे बसविलेल्या, दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या व्यवस्थेत त्या दिवशी एक बदल झाला व ती एचटीटीपी-३ ह्या नव्या रीतीने बोलू लागली. माहितीच्या पाकिटावर मजकुराची लांबी सांगणारी एक ओळ असते. तिच्या नावात इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीतली असोत की लहान, अर्थ एकच मानावा असा नियम आहे. परंतु फायरफॉक्सच्या एका भागाने ते नाव लहान अक्षरांत लिहिले आणि दुसरा भाग ते मोठ्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रूपात शोधीत राहिला. ओळ समोर असूनही त्याला दिसेना, आणि तो कधीच न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला. सगळी वाहतूक ह्याच एका मार्गाने जात असल्यामुळे एक पाकीट अडले आणि त्यामागे प्रत्येक पान अडले. मराठीत 'दिन' आणि 'दीन' ह्यांत वेलांटीने अर्थ पालटतो, म्हणून आपण ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरतो. येथे उलट झाले. जेथे अक्षराच्या रूपाने अर्थ बदलावयास नको होता, तेथे यंत्राने फरक केला.

मोझिलाने आपल्या सर्व्हरांपुढील नवी रीत बंद केली आणि सुमारे दोन तासांत मूळ कारण दूर झाले. ज्यांचे फायरफॉक्स अडकले होते त्यांना तो फक्त बंद करून सुरू करावा लागला. दोष सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या दिवशी आली. लक्षात घ्या : त्याच यंत्रावर, त्याच जाळ्यावर दुसरा ब्राउझर चालत होता, आणि ज्यांनी माहिती पाठविणे आधीच बंद केले होते त्यांचा फायरफॉक्सही चालत होता. हा शुद्ध व्यतिरेक होय. त्या दुपारी ज्याने दुसरा ब्राउझर उघडून पाहिला, त्याचे काम एका मिनिटात झाले. ज्याने फायरफॉक्स काढून पुन्हा बसविला, त्याने एका निरोगी यंत्रावर शस्त्रक्रिया केली.

त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ह्या तिन्ही सेवा सुमारे सहा तास बंद होत्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, व तिच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले. कार्डांची पेटीच कुलूपबंद झाली म्हणा ना. तेथे अन्वय स्पष्ट होता : यंत्रे वेगळी, जाळी वेगळी, देश वेगळे, समान होती ती कंपनी तेवढी.

७. समारोप

दोष शोधताना काय करू नये, हेही थोडक्यात सांगतो. पहिल्याच झटक्यात ब्राउझर काढून टाकू नये. तो शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी बुकमार्क व पासवर्ड ह्यांची प्रत ठेवावी. साठवण पुसताना 'पासवर्ड' ह्या चौकटीत खूण नाही ना, हे पाहावे. अर्ज अर्धवट भरलेला असेल तर पान पुनःपुन्हा नव्याने मागवू नये. पैसे भरल्यानंतर पान अडले तर दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी खात्यातून रक्कम गेली की नाही ते तपासावे.

आणि दोष खरोखर समोरच्या सर्व्हरचा निघाला, तर गप्प बसू नये. पडद्यावरील संदेशाचे चित्र घ्यावे, तारीख व वेळ नोंदवावी, कोणत्या दोन जाळ्यांवर, कोणत्या दोन यंत्रांवर आणि कोणत्या दोन ब्राउझरांत प्रयत्न केला हे लिहावे. 'साइट चालत नव्हती' ह्या तोंडी तक्रारीला कार्यालयात उत्तर मिळते, 'इतरांची चालली.' परंतु 'अमुक वाजता, दोन वेगवेगळ्या जाळ्यांवर, तीन यंत्रांवर ५०३ हा क्रमांक येत होता व त्याच वेळी इतर स्थळे उघडत होती' अशा लेखी अर्जाला तसे उत्तर देता येत नाही. खेड्यातून येणाऱ्या, घरी एकच मोबाइल असणाऱ्या विद्यार्थ्याला मुदतवाढ मिळणे वा न मिळणे कधीकधी अशा चार ओळींवर अवलंबून असते.

तेव्हा पुढच्या वेळी पान उघडले नाही, तर निर्णय देण्यापूर्वी साक्षी तपासाव्यात. प्रथम संदेश वाचावा, मग कोपऱ्यातील तारीख पाहावी, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून चार प्रश्न विचारावेत. ह्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ क्वचितच लागतो, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी पाच मिनिटांची किंमत आपण सर्वच जाणतो.